एक पेटी पुरे

हार्लन फोर्क, नेब्रास्का
११ जानेवारी १९९३

वेंडेल काका,

पाकिटामागचं नाव वाचून दचकला असाल. माझ्या बहिणीला, टेसीला, पुरून आलो त्या दिवसापासून या घरातून तुम्हाला साधं नाताळचं कार्डही गेलेलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही आणि बाबा एकमेकांना काय बोललात ते मी ऐकलं होतं. पण भांडण तुम्हा दोघा भावांचं, मी त्यात कधीच नव्हते. फोन करणार होते, पण तुमचे कान आता पार गेलेत म्हणे. म्हणून पत्र.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच गोड कशाला बोलू? मला पिस्तूल घ्यायचंय. आयुष्यातलं पहिलं. तेच जुनं, फौजेतलं, पंचेचाळीस कॅलिबरचं, जे दुरुस्त करण्यात तुमची हयात गेली. गावातल्या नेमबाजी क्लबाच्या स्पर्धा वसंतात सुरू होतात, तिथे नाव घालायचा विचार आहे. दुकानदाराने एकासारखी एक सात पिस्तुलं काउंटरवर मांडली. किमती मात्र अडीचशेपासून नऊशे डॉलरपर्यंत! मला तर सगळी जुळी भावंडं वाटली. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या पगारात बसेल आणि दगा देणार नाही, असं कुठलं ते सांगा.

बाबा बरे आहेत. बोलतात कमी, ते तर आधीपासूनच. पण हल्ली सकाळी दाढी करताना शीळ घालतात.

तुमची नोरीन


टॅमरॅक, मोंटाना
१९ जानेवारी

नोरीन पोरी,

दचकलो नाही, मटकन खाली बसलो. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तीन वर्षांनी टिलरींच्या घरातून कुणीतरी लिहितं आणि विचारतं काय, तर पंचेचाळीसचं कुठलं घेऊ! देव म्हाताऱ्यांची थट्टा करतो ती अशी.

आता ऐक. ते पिस्तूल आखलं गेलं तेव्हा तुझ्या आजोबांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं, आणि आजही तसं हाताला बसणारं दुसरं मला सापडलेलं नाही. त्याच्या आराखड्यावरची मालकी कधीच संपली, त्यामुळे जगभरचे कारखाने त्याच्या नकला काढतात. तुला दिसली ती जुळी भावंडं त्यातलीच.

अडीचशेचं बहुतेक स्पेनचं. रूप तेच, आतडी वेगळी. उद्या एखादा भाग मोडला तर माझ्या खणातसुद्धा सापडायचा नाही. ते सोड. सव्वातीनशेचं चिनी. कानशीच्या खुणा तशाच ठेवलेल्या, पण पोलाद इतकं कडक की माझी ड्रिलं बोथट झाली. त्याला नाक मुरडू नकोस. चारशेच्या पुढे आपल्याकडचं साधं, फौजी थाटाचं. नऊशेच्यात अर्धे पैसे नावाचे.

खरं विचारशील तर नवं घेऊच नकोस. कुणीतरी हौसेनं घेतलेलं, शंभरदा उडवून कपाटात टाकलेलं शोध. हातात घेतल्यावर आधी ते रिकामं आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. मग घोडा ताण, अंगठ्याचा खटका वर कर, चाप जोरात दाबून सोड, खटका खाली कर. घोडा जागचा हलता कामा नये. मग मुठीमागचा खटका न दाबता चाप ओढून बघ. घोडा पडला तर पिस्तूल ठेव आणि दुकानाबाहेर पड. स्प्रिंगा बदलून घे, त्या स्वस्त असतात. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची ती डबी, मात्र चांगली घे. दहांतल्या नऊ पिस्तुलांचं दुखणं मॅगझिनमध्येच असतं.

आता माझे प्रश्न. उजवा पंजा कागदावर ठेव, कडेनं पेन्सिल फिरव आणि तो कागद मला पाठव. चाप आखूड हवा की लांब, ते बोटावर ठरतं. दुसरं, पिस्तूल घरात ठेवणार कुठे आणि किल्ली कुणाकडे? तिसरं, गोळ्यांचं काय? नवशिक्याला आठवड्याला दोन पेट्या तरी लागतात, आणि वर्षभरात गोळ्यांवर पिस्तुलाच्या दुप्पट-तिप्पट खर्च होतो. बहुतेक जण आधी हेच विचारतात आणि हबकतात. तू विचारलंच नाहीस.

तुझ्या बाबाला माझा... जाऊ दे. काही सांगू नकोस.

तुझा ठार बहिरा काका,
वेंडेल


हार्लन फोर्क
३० जानेवारी

काका,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं, मोठ्यानं वाचलं. जुळ्या भावंडांवरून खूप हसले.

सोबत पंजाचा कागद आहे. पहिलं बोट आखूड दिसेल, तिथे पेन्सिल घसरली. बाकी पंजा माझा मोठाच आहे. पिठाची पोती उचलून उचलून झालाय तसा. शाळेत चिली रश्शाबरोबर दालचिनीचे रोल फक्त गुरुवारी असतात, पण काल मुलांनी तेच मागितलं, कारण बाहेर शून्याच्या खाली वीस होतं.

पिस्तूल माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्या गळ्यात. चिनी चालेल, जुनंही चालेल. तुमच्या ओळखीत एखादं असेल तर तुम्हीच बघा ना! इथल्या परवानेवाल्या दुकानदारामार्फत मागवता येतं म्हणे. फक्त एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात हवं.

नोरीन


टॅमरॅक
६ फेब्रुवारी

नोरीन,

पेन्सिल घसरली म्हणतेस. पोरी, त्या बोटाला मी १९३५ सालापासून ओळखतो.

लेलंड, तुझा बाबा, नऊ वर्षांचा होता, मी तेरा. मक्याचे दाणे सोडवायच्या यंत्रात तो कणसं टाकत होता आणि मी हँडल फिरवत होतो. फिरवता फिरवता त्याला हसवत होतो, फादरची नक्कल करून. तो हसत माझ्याकडे बघत राहिला आणि हात पुढे गेला. बोटाचं पेर गेलं. त्या बोटापायी पुढे फौजेनं त्याला दारातून परत पाठवलं. मी गेलो आणि तीन वर्षं हीच पिस्तुलं दुरुस्त करत बसलो. त्यानं मला त्याबद्दल एका शब्दानं कधी दुखवलं नाही.

तू खोटं बोललीस त्याचा राग नाही. उलट सांगतो, तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. तीन वर्षं ज्यानं दार उघडलं नाही त्यानं हात पाठवला, अगदी खराखुरा! मी तो बाकासमोरच्या भिंतीवर लावलाय.

पिस्तूल मिळालंय. खालच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं आहे. त्याचे हात आता कापतात. फौजी थाटाचं, आतून आरशासारखं. लांब चाप मी स्वतः बसवीन आणि मूठ थोडी सपाट करीन, म्हणजे त्याचं मधलं बोट आरामात पोचेल. पैशाचं नाव काढू नकोस. मला कळलंय हे त्याला मात्र सांगू नकोस, नाहीतर तो रेडा पुन्हा बिथरायचा.

आणि गोळ्यांचं? तू त्याही पत्रात लिहिलं नाहीस.

वेंडेल


हार्लन फोर्क
१६ फेब्रुवारी

काका,

पकडलंत. बरं वाटलं. मला खोटं पेलत नाही.

बाबाच म्हणाले, ‘माझं नाव काढलंस तर तो उत्तर द्यायचा नाही. तू तुझं म्हणून लिही.’ मी लिहिलं, कारण तीन वर्षांत पहिल्यांदा ते ‘मला अमुक हवंय’ असं म्हणाले होते. जेवायला काय करू विचारलं तर ‘काहीही’ म्हणणारा माणूस. क्लबात जातील, चार म्हाताऱ्यांत बसतील, एवढंच माझ्या मनात होतं.

गोळ्यांचं मी त्यांना विचारलं. म्हणाले, ‘एक पेटी पुरे.’

आणखी एक तुम्हाला सांगायचं राहिलं. चार जानेवारीला तुरुंगाच्या खात्याकडून पत्र आलं. डॅरिल कूप १४ एप्रिलला सुटतोय. आईकडेच राहणार, म्हणजे आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. टेसीचं त्याच्याशी लग्न ठरलेलं, त्याच्याच गाडीत ती गेली, आणि आता तो दुधाच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे उभा असेल. तो दारू प्यायलेला होता, ते पुलावरचं बर्फ, सगळं माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा आलं. मला वाटलं, बाबा काहीतरी फोडतील. पण त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांची शीळ ऐकू आली. ते सावरतायत, काका. निदान मी तसं समजतेय.

नोरीन


टॅमरॅक
२३ फेब्रुवारी
(शाळेच्या पत्त्यावर)

नोरीन,

हे पत्र मुद्दाम शाळेत पाठवतोय. घरी नेऊ नकोस.

माझ्या दुकानात हायरम नावाचं एक गिऱ्हाईक यायचं. चांगला माणूस, सुतार. एका वसंतात त्यानं पिस्तूल घेतलं. घासाघीस नाही, नेम धरून बघणं नाही. गोळ्यांची पेटी पुढे केली तर म्हणाला, ‘एवढ्या कशाला? सहा द्या.’ मी हसून सहा मोजून दिल्या. त्याला लागली एकच. त्याच्या बायकोनं पिस्तूल मला परत आणून दिलं, काही न बोलता. त्या दिवसापासून जे गिऱ्हाईक गोळ्यांचं विचारत नाही त्याला मी पिस्तूल विकलेलं नाही. तू दोनदा विचारलं नाहीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी त्या कागदाकडे बघत बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

सुटका चौदाला. पिस्तूल हवं पहिल्या आठवड्यात. एक पेटी. आणि शीळ! पोरी, हायरमही त्या आठवड्यात शीळ घालत होता. माणसाचं काय ते ठरलं की तो हलका होतो.

लेलंडच्या मनात डॅरिल आहे की आणखी काही, ते मला माहीत नाही. माझं चुकत असेल तर मला शिव्या दे. पण आधी एक कर. क्लबात जाऊन टिलरी नावाच्या कुणी नाव नोंदवलंय का ते विचार. पिस्तूल तयार आहे, पण ते माझ्या तिजोरीतून हलणार नाही. चाप आला नाही असं मी तुझ्या नावानं घरी वेगळं कळवतोय, ते त्याला दाखव.

वेंडेल


हार्लन फोर्क
६ मार्च

काका,

तुमचं पत्र वाचून मला नुसता राग आला. तुम्ही तीन वर्षं इथे नव्हतात. बाबांनी मुंगी मारलेली मी पाहिली नाही. चर्चमध्ये, टेसीची शवपेटी अजून मातीआड झाली नव्हती तेव्हा, तुम्ही म्हणालात, ‘तो प्यायलाय हे तिला दिसत होतं, ती आपल्या पायांनी गाडीत बसली.’ तेव्हाही तुम्हाला सगळं कळत होतं आणि आताही सगळं कळतं. बंदुका दुरुस्त करता करता माणसांतही खटके दिसायला लागलेत तुम्हाला.

८ मार्च

वरचं फाडणार होते. तसंच ठेवतेय.

क्लबात गेले होते. टिलरी कुणी नाही. स्पर्धा मे महिन्यात आहेत.

मग बाबांच्या ट्रकमध्ये शोधलं. सीटखाली एक वही सापडली. त्यात फक्त वेळा होत्या. ‘म्हातारी ८.१० ला बाहेर. १२.४० ला परत. मागचं दार उघडंच.’ सीडर गल्लीतल्या कूपच्या घराच्या वेळा, काका. एक महिनाभर रोज.

मी वही होती तिथे ठेवली. जेवताना त्यांनी मला बटाटे वाढले आणि विचारलं, ‘आज गप्प का गं?’ मी म्हटलं डोकं दुखतंय. शेरिफकडे जाऊ? काय सांगू, की माझा बाप एका वहीत वेळा लिहितो?

तुमच्यावर ओरडले त्याचं वाईट वाटतंय. पिस्तूल पाठवू नका.

नोरीन


हार्लन फोर्क
२० मार्च

वेंडेल,

तुझं पत्र वाचलं. चाप यायला दीड महिना लागेल म्हणतोस. चाप आठ दिवसांत येतो, हे मलाही ठाऊक आहे. तुला कळलंय ते मला कळलंय. पोरीला मध्ये घेतलंस ते बरं केलं नाहीस. मीही घेतलंच होतं म्हणा.

तुझं पिस्तूल तुलाच लखलाभ. मी बंदुकांच्या बाजारात एका माणसाकडून घेतलं. दोनशे दहा डॉलर. कुठल्या कारखान्याचं ते पुसलेलं आहे.

एक अडचण आहे. वरची सरकती स्लाइड मागे ओढून सोडली की घोडा आपोआप खाली येतो. रिकामं असताना. दहातून चार वेळा. तू मला लिहिलंस, म्हणजे पोरीला लिहिलंस, त्या सगळ्या खुणा मी तिथे बघायला विसरलो. घाई होती.

असं का होतं, एवढंच सांग. दुसरं काही लिहू नकोस.

लेलंड


टॅमरॅक
२५ मार्च

लेलंड,

सांगतो. घोड्याला अडवून धरणारा दात झिजलाय, किंवा कुणा मूर्खानं चाप हलका करायला तो कानशीनं घासलाय. गोळ्या भरून स्लाइड सोडलीस तर चापाला बोट न लावता ते उडेल. कदाचित एक, कदाचित सातही. नळी तेव्हा कुठे रोखलेली असेल ते तू ठरवणार नाहीस. तुझा पाय असेल, नाहीतर भिंतीपलीकडची नोरीन असेल. त्यात गोळी घालू नकोस. हे मी कुणालाही सांगितलं असतं.

ते कसं दुरुस्त करायचं ते मात्र पत्रातून सांगणार नाही. तू दुसरं काही लिहू नकोस म्हणालास, आणि मी तुझं कधी ऐकलंय?

ते कशासाठी आहे मला माहीत आहे. डॅरिलला मारून तुला टेसी मिळणार नाही, वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला फादरनं सांगितलं असेल आणि तू त्याला दार दाखवलं असशील. मी एवढंच लिहितो की हँडल पुन्हा माझ्या हातात आलंय. तेव्हा मी हसत फिरवत राहिलो. या वेळी मी फिरवणार नाही, मग तू मला भाऊ म्हण नाहीतर म्हणू नकोस.

शेरिफला लिहिलेलं पाकीट माझ्या बाकावर आहे. अजून तिकीट लावलेलं नाही. सहा एप्रिलला लावीन.

चर्चमध्ये मी जे बोललो ते खरं असेलही. पण त्या दिवशी ते बोलायचं काही कारण नव्हतं. मला बोलून मोकळं व्हायचं होतं आणि मी तुझ्या अंगावर मोकळा झालो. तीन वर्षं हे लिहायला कागद सापडला नाही.

तुला ते दुरुस्त करून हवं असेल तर माझ्याकडे घेऊन ये. नऊशे मैल आहेत. रस्ता तुला ठाऊक आहे.

वेंडेल


हार्लन फोर्क
१२ एप्रिल, सोमवार

काका,

तुमच्या शेजारच्या मिसेस ऑल्डनना फोन केला होता, त्यांनी तुम्हाला चिठ्ठी दिलीच असेल. तरी लिहितेय, कारण मला बसवत नाही.

काल ईस्टर होता. मी हॅम केलं, बाबांनी दोनदा घेतलं. आज सकाळी उठले तर ट्रक नाही. त्यांच्या पलंगाखाली बुटाचा रिकामा खोका सापडला, बंदुकीच्या तेलाचा वास येणारा, म्हणजे पिस्तूल त्यांनी दुसरीकडून मिळवलंच होतं. गोळ्यांची पेटी मात्र टेबलावर, मीठदाणीशेजारी, न फोडलेली. तिचा अर्थ काय लावू?

परवा चौदा तारीख. तुमचं पाकीट पोचलं म्हणून शेरिफचा माणूस आज येऊन गेला, तो सीडर गल्लीत गाडी लावून बसणार आहे. मी त्यांना वहीचं सांगितलं. बापाचं नाव मीच शेरिफला दिलं.

ते कुठे असतील?

नोरीन


टॅमरॅक
१५ एप्रिल

नोरीन पोरी,

मिसेस ऑल्डननं तुला मंगळवारी फोनवर सांगितलं ते एवढंच, की तो इथे आहे. बाकीचं तिच्या तोंडी पाठवायला नको वाटलं.

परवा दुपारी दुकानाच्या काचेवर सावली पडली म्हणून वर पाहिलं. लेलंड. दाढी वाढलेली, डोळे लाल. आत आला, पिस्तूल बाकावर ठेवलं, ओठ हलवले. मला ते ओठ वाचता येतात. ‘दुरुस्त कर.’ तेवढ्यात त्याला भिंतीवरचा कागद दिसला. स्वतःच्या पंजासमोर तो बराच वेळ उभा राहिला.

तो दुरुस्तीला आला होता की अडवून घ्यायला, हे मी विचारलं नाही. त्यालाही सांगता आलं नसतं. मी पिस्तूल उघडलं आणि सगळे भाग फडक्यावर मांडले. दात खरंच घासलेला होता. मी तो भिंगाखाली त्याला दाखवला. म्हटलं, ‘बघ, दोनशे दहा डॉलरचा मूर्खपणा.’

काल, चौदा तारखेला, तो दिवसभर माझ्या समोरच्या स्टुलावर बसून होता. मी कॉफी देत राहिलो. बोलायचं तर तो काही बोलणार नाही आणि बोलला तरी एवढं सगळं मला ओठांवरून कळणार नाही. म्हणून दुपारी मी दुरुस्तीच्या पावत्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. तासभर हात लावला नाही. मग लिहायला लागला. तुला ठाऊक आहे तो कसा लिहितो, पेन्सिल मधल्या बोटात धरून, दाबून, कागद फाटेस्तोवर.

ते तुला सांगायला त्यानं हो म्हटलंय. म्हणाला, ‘तू लिही, माझ्यानं दुसऱ्यांदा लिहवणार नाही.’

त्या संध्याकाळी टेसीनं नाचाच्या हॉलमधून घरी फोन केला होता. डॅरिल प्यायलाय, मला न्यायला या, म्हणाली. लेलंड टीव्हीपुढे बसला होता, पाय शेगडीकडे करून. म्हणाला, ‘बर्फ पडतंय. त्यालाच सांग हळू चालव म्हणून.’ आणि फोन ठेवला. चाळीस मिनिटांनी पुलाचं झालं.

आणि मी मूर्ख, चर्चमध्ये म्हणालो ती आपल्या पायांनी बसली.

मी पावतीवर विचारलं, ‘पिस्तूल डॅरिलसाठी की तुझ्यासाठी?’ त्यानं लिहिलं, ‘ठरत नव्हतं. तिथे गेल्यावर ठरलं असतं.’

पोरी, मी सत्तर वर्षांचा आहे. एवढी भीती मला युद्धातही वाटली नव्हती. मी उठलो, ते भाग फडक्यात गुंडाळले, तिजोरीत माझ्या पिस्तुलाशेजारी ठेवले, आणि आकड्यांचं कुलूप फिरवून बंद केलं. त्यानं अडवलं नाही. मग मी त्याला इथल्या डॉक्टरकडे नेलं. बाई आहे, तरुण, मला आवडली. तिनं रोज यायला सांगितलंय आणि तो हो म्हणालाय, कुरकुरत. शेरिफच्या कचेरीलाही डॉक्टरणीनंच फोन केला.

तो काही दिवस इथेच राहील. तू त्याला लिही. जे वाटतं ते लिही, सांभाळून लिहू नकोस.

वेंडेल


हार्लन फोर्क
१९ एप्रिल

बाबा,

काकांचं पत्र शाळेत मिळालं. पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं.

मला ते माहीत होतं. मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात होते, भांडी विसळत. तुम्ही फोनवर काय बोललात ते मी ऐकलं. गाडीची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती, बाबा. मला वाटलं, जावं का? मग वाटलं, बाहेर फार गारठा आहे. आणि मी पुढची बशी उचलली.

तीन वर्षं मी वाट पाहिली की तुम्ही कधीतरी बोलाल, म्हणजे मला बोलता येईल. तुम्ही बोलत नव्हतात म्हणून मला वाटायचं तुम्हाला कळलंय, मी ऐकत होते ते, आणि तुम्ही मला दोष देताय. म्हणून तर तुम्ही पिस्तूल मागितलंत तेव्हा मी काही न विचारता लिहून टाकलं.

काल मिसेस कूप माझ्या दाराशी आली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली. डॅरिल घरातून बाहेर पडत नाही म्हणाली. त्याला टेसीच्या थडग्यावर जायचंय, पण तुमच्या परवानगीशिवाय जाणार नाही म्हणतो. मी म्हटलं, विचारून सांगते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तिला नीट सांगेन.

तुम्ही बरे आहात ना? जेवता ना?

नोरीन


टॅमरॅक
२४ एप्रिल

नोरीन,

जेवतो. वेंडेल स्वयंपाक करतो, त्यामुळे पोटापुरतंच जेवतो.

तुझं पत्र मी डॉक्टरणीलाही दाखवलं. तू बशी उचललीस म्हणतेस. फोन तुला आला नव्हता. तो मला आला होता आणि उत्तर मी दिलं. त्यात तुझ्या वाटणीचं काही नाही. तुला दोष दिला असं तुला तीन वर्षं वाटलं, हे मात्र माझ्या वाटणीचं आहे. मला वाटत होतं, तुला कळलं तर तू घर सोडून जाशील. म्हणून गप्प होतो. दोघं एकाच टेबलावर जेवत होतो आणि हे असं.

डॉक्टरण म्हणते आणखी दोन आठवडे. मग घरी, तिथेही एक डॉक्टर तिनं शोधून ठेवलाय. वेंडेल बरोबर येणार आहे. तो वाटेत नऊशे मैल बडबडेल आणि मी काय उत्तर देतो ते त्याला ऐकू येणार नाही, तेव्हा प्रवास बरा होईल. पिस्तुलं दोन्ही त्याच्या तिजोरीत राहतील. आकडे मी विचारलेले नाहीत.

डॅरिलला मी माफ केलेलं नाही. करीन असंही म्हणत नाही. पण तिच्यावर त्याचाही जीव होता, हे मला माहीत आहे. मिसेस कूपला सांग, त्याला जाऊ दे. उत्तरेच्या फाटकातून जा म्हणावं. बर्फ वितळल्यावर दगडाभोवती चिखल होतो, पाय घोट्यापर्यंत रुततात. मी तिथे एक फळी टाकून ठेवली आहे.

तुझे बाबा